जुन्या एअर पिस्तुलाचं आणि त्याच्या सिलिंडरचं वय कसं शोधायचं

जुनं टार्गेट एअर पिस्तूल हातात आलं की लगेच मनात येतं, हे कोणत्या सालचं असेल? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: याला लावलेला सिलिंडर कोणत्या सालचा? पिस्तुलाचं साल चुकलं तर फार तर चार पैसे जास्त जातात. सिलिंडरचं साल चुकलं तर २०० बार दाबाची हवा भरलेली, मुदत उलटलेली धातूची नळी आपण हातात धरून बसतो. २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० किलोचा भार. शिवाय स्पर्धेत साहित्य तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाचं वय कुणी विचारत नाही, सिलिंडरची तारीख मात्र बघितली जाऊ शकते. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमानुसार सिलिंडर मुदतीत असणं ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे.

पिस्तूल आणि सिलिंडर यांची वयं एकमेकांवरून काढायची नाहीत, ही गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. पिस्तूल तीस वर्षं टिकतं आणि तेवढ्या काळात त्याचे सिलिंडर दोन-तीनदा बदललेले असतात. उलटंही घडतं: पिस्तूल तुलनेनं नवं असतं, पण विकणाऱ्यानं चांगला सिलिंडर स्वतःकडे ठेवून जुना त्याला जोडून दिलेला असतो. म्हणून तपास दोन वेगळ्या वाटांनी करायचा आणि शेवटी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघायची.

हात लावण्याआधी

पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून लोडिंगची जागा उघडा, आत पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) नाही हे डोळ्यांनी बघा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी, घाला. मग सिलिंडर हातानं फिरवून काढा. बहुतेक टार्गेट पिस्तुलांत सिलिंडर सुटला की त्याची स्वतःची झडप बंद होते आणि हवा त्याच्या आतच राहते. पिस्तुलाच्या रेग्युलेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करून देणाऱ्या भागात, मात्र थोडी हवा उरते, त्यामुळे सिलिंडर काढला म्हणजे पिस्तूल निर्धोक झालं असं समजू नका. हातानं सिलिंडर सुटत नसेल तर पक्कड लावायची नाही. घट्ट बसण्याचं कारण बहुधा आतल्या दाबात किंवा खराब आट्यांत असतं, आणि दोन्ही बाबतीत जोर लावणं हा सर्वांत वाईट उपाय.

सिलिंडर कोरड्या मऊ कापडानं पुसा. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, गंज काढायचं रसायन यांतलं काहीही नको. एक तर कोरलेली तारीख पुसट होते, दुसरं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावरचा संरक्षक थर निघतो. अक्षरं दिसत नसतील तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरका धरा, म्हणजे उथळ ठसेही सावलीमुळे वर येतात. तरीही जमत नसेल तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल हलकी फिरवा. या दोन युक्त्या भिंगापेक्षा जास्त कामाच्या आहेत.

सिलिंडरवर काय काय लिहिलेलं असतं

ठसे बहुतेक वेळा आट्यांजवळच्या मानेवर, अंगावर लांबीच्या दिशेनं किंवा बुडाशी असतात. काही सिलिंडरांवर ते नेमके पिस्तुलाच्या आत बसणाऱ्या भागावर असतात, म्हणून सिलिंडर न काढता केलेली तपासणी अपुरी. ज्या सिलिंडरला बुडाशी दाबमापक आहे, त्यात मापकाच्या कडेलाही बघा. पण मापक स्वतः वयाचा पुरावा नाही. तो आतला दाब सांगतो, आणि तो बदललेलाही असू शकतो.

सामान्यतः तिथे निर्मात्याचं नाव किंवा चिन्ह, अनुक्रमांक, कामाचा दाब, चाचणीचा दाब, कधी आकारमान आणि धातू, आणि एक तारीख असते. यातली दाबाची जोडी नीट ओळखा. हवेचे सिलिंडर साधारणपणे २०० किंवा ३०० बारचे असतात. कारखान्यात त्यांची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर करण्याची पद्धत आहे, म्हणजे २०० च्या सिलिंडरवर ३०० हा आकडाही कोरलेला असू शकतो आणि ३०० च्या सिलिंडरवर ४५०. २०० बारच्या सिलिंडरवरचं ३०० वाचून त्यात ३०० बार भरणारे लोक असतात. दोन आकडे दिसले तर भरायचा दाब नेहमी लहान आकड्याचा. एकच आकडा दिसला आणि तो कशाचा हे कळत नसेल, तर त्या मॉडेलची पुस्तिका मिळेपर्यंत तो सिलिंडर भरू नका.

आता तारीख. ती तीन प्रकारची असू शकते: बनल्याची, चाचणीची किंवा मुदत संपण्याची. सुट्या महिना-वर्षाच्या ठशाचा अर्थ बहुधा बनल्याची किंवा पहिल्या चाचणीची तारीख असा होतो, आणि व्यवहारात या दोन्ही एकाच वेळच्या धरायला हरकत नाही. मुदतीची तारीख असेल तर तिच्या आधी तसा शब्द किंवा खूण असते, अनेकदा जर्मन किंवा इंग्रजीत. असा शब्द दिसला तर अंदाज न बांधता त्याचा अर्थ शोधा, कारण बनल्याची तारीख मुदतीची समजलात तर चांगला सिलिंडर फेकला जाईल आणि मुदतीची तारीख बनल्याची समजलात तर आणखी दहा वर्षं वापरला जाईल.

नुसते दोन-दोन आकडे असतील तर थोडा खल करावा लागतो. "११/१४" मध्ये १४ हा महिना असूच शकत नाही, म्हणून नोव्हेंबर २०१४. पण "०९/०६" चं काय? सप्टेंबर २००६ की जून २००९? युरोपात रोजच्या वापरात महिना आधी आणि वर्ष नंतर लिहितात, पण दाबपात्रांवरच्या चाचणीच्या ठशांत वर्ष आधी लिहिलेलंही आढळतं. अशा वेळी त्याच निर्मात्याच्या दुसऱ्या सिलिंडरचा ठसा बघा, ज्यात एक आकडा १२ पेक्षा मोठा आहे. एका निर्मात्याची लिहिण्याची रीत सहसा तीच राहते. तसा नमुना मिळाला नाही तर दोनांपैकी जुनी तारीख खरी माना. यात नुकसान झालंच तर तीन वर्षांच्या वापराचं होईल, इजेचं नाही.

आणि तारीखच नसेल तर? काही जुन्या सिलिंडरांवर फक्त अनुक्रमांक असतो. निर्मात्याला अनुक्रमांक आणि स्पष्ट फोटो पाठवून विचारा. उत्तर येईपर्यंत, किंवा आलंच नाही तर कायमचा, तो सिलिंडर मुदतबाह्य धरा.

दहा वर्षं कुठून मोजायची

टार्गेट पिस्तुलांचे निर्माते आपल्या सिलिंडरला सर्वसाधारणपणे बनल्यापासून १० वर्षांचं आयुष्य देतात. काहींनी ठरावीक सिलिंडरांसाठी ते पुढे वाढवलंही आहे, म्हणून तुमच्या निर्मात्याचं सध्याचं पत्रक बघणं योग्य. पण तसं लेखी काही हाती नसेल तर दहाच धरा.

ही दहा वर्षं तुम्ही सिलिंडर विकत घेतल्यापासून मोजायची नसतात. मे २०१६ मध्ये बनलेला सिलिंडर दुकानाच्या कपाटात तीन वर्षं पडून राहून २०१९ मध्ये विकला गेला, तरी त्याचं आयुष्य मे २०२६ लाच संपतं. "अगदी नवा, पाकिटातला" असं म्हणत विकला जाणारा सिलिंडर निम्मं आयुष्य संपलेला असू शकतो, म्हणून नवा घेतानाही तारीख बघून घ्यावी.

न वापरलेल्या सिलिंडरला मुदत कशाला, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्येक वेळी हवा भरली की धातू किंचित ताणला जातो आणि दाब उतरला की परत आकसतो. शेकडो वेळा हे झालं की धातू थकतो, आणि हा थकवा बाहेरून दिसत नाही. भरलेल्या हवेत ओलावा असेल तर आतून गंज धरतो. आटे झिजतात, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) कडक होतात. कमी वापरलेल्या सिलिंडरात यातलं काही कमी झालेलं असेल, पण किती कमी हे घरी मोजता येत नाही. तारीख हा ढोबळ नियम आहे, मान्य. पण त्याऐवजी लावता येईल असा दुसरा कोणताही नियम आपल्या हातात नाही.

आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे: मुदतीत असलेला सिलिंडर आपोआप चांगला ठरत नाही. खोल ओरखडा, पोचा, आट्यांवर चिरा, मानेभोवती पांढरट किंवा हिरवट डाग, कुणी हौसेनं कोरलेलं स्वतःचं नाव, यातलं एकही दिसलं तर तारीख कितीही नवी असो, तो बाजूला ठेवा. नावासाठी कोरलेली रेघ म्हणजे भिंत मुद्दाम पातळ केलेली जागा. ओळख हवी असेल तर चिकटपट्टी लावा.

सीओटू सिलिंडर असेल तर

१९८० आणि १९९० च्या दशकांतली अनेक उत्तम पिस्तुलं कार्बन डायऑक्साइडवर चालत. हा वायू सिलिंडरात द्रवरूपात असतो आणि २० अंश सेल्सियसला त्याचा दाब साधारण ५७ बार असतो, म्हणजे हवेच्या सिलिंडरच्या पाव भागाहून थोडा जास्त. त्यामुळे सीओटूचा सिलिंडर हवेनं भरण्याचा प्रयोग कधीच करायचा नाही, मग आटे जुळत का असेनात.

सीओटूच्या सिलिंडरवर दाबाऐवजी वजनाचे आकडे जास्त महत्त्वाचे: रिकाम्याचं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन. ते तारखेच्या जवळच कोरलेले असतात आणि घाईत त्यांनाच तारीख समजण्याची चूक होते. जास्त भरलेला सिलिंडर गरम झाला की द्रवाला पसरायला जागा उरत नाही आणि दाब झपाट्यानं चढतो. सुमारे ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच राहत नाही. तारखेचे बाकीचे नियम हवेच्या सिलिंडरसारखेच.

आता पिस्तुलाकडे

सिलिंडरवर तारीख असते, पिस्तुलावर बहुधा नसते. अपवाद आहेत: डायाना कंपनीच्या अनेक जुन्या मॉडेलांवर महिना आणि वर्षाचे बारीक आकडे ठोकलेले सापडतात. इतरांच्या बाबतीत मात्र पुरावे गोळा करून दोन सालांची चौकट आखावी लागते: याच्या आधीचं नाही आणि याच्या नंतरचं नाही. एकच नेमकं साल छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, जोवर तो कागद दाखवत नाही.

पहिली चौकट यंत्रणेवरून मिळते. १९५० च्या दशकात सुरू झालेलं वाल्थर एलपी ५३ स्प्रिंग-पिस्टनवर चालतं. १९६५ मध्ये आलेल्या फाइनवर्कबाउ ६५ मध्येही स्प्रिंगच आहे, पण गोळी सुटताना पिस्तुलाचा वरचा भाग रुळांवर मागे सरकतो आणि धक्का मुठीपर्यंत पोचत नाही. त्यानंतर एकाच हिसक्यात हवा दाबून ठेवणारी पिस्तुलं आली: वाल्थर एलपी २ आणि एलपी ३, फाइनवर्कबाउ १०० आणि १०३, रशियातल्या इझेव्हस्कचं इझ-४६. मग सीओटूचा काळ, आणि १९९० च्या दशकात आधीच दाबून भरलेल्या हवेचा. सीओटूचा दाब तापमानासोबत बदलतो आणि त्याबरोबर पेलेटचा वेगही, हे हवेकडे वळण्याचं मोठं कारण. गोळी सुटतानाची हालचाल शोषून घेणारा आतला सरकता वजनदार भाग, ज्याला अ‍ॅब्सॉर्बर किंवा स्टॅबिलायझर म्हणतात, तो शतकाच्या वळणावर स्टायर एलपी १० सारख्या मॉडेलांतून रुळला.

या चौकटीची मर्यादा लक्षात ठेवा. मॉडेल बाजारात आल्याचं साल म्हणजे तुमचा नग बनल्याचं साल नव्हे. फाइनवर्कबाउ ६५ तीन दशकांहून जास्त काळ बनत राहिलं. आणि सीओटूचं पिस्तूल नंतर हवेवर बदलून घेतलेलंही सापडतं, त्यामुळे हवेचा सिलिंडर दिसला म्हणून पिस्तूल १९९० नंतरचंच असं होत नाही.

दुसरी चौकट ठशांवरून. पिस्तुलावर पंचकोनात रोमन लिपीतलं एफ हे अक्षर आहे का बघा. ७.५ जूलपर्यंतच्या, हवेवर चालणाऱ्या शस्त्रांवर जर्मन कायद्यानुसार ही खूण असते आणि पश्चिम जर्मनीत १ जानेवारी १९७० पासून बनलेल्यांना ती लागू झाली. १० मीटरच्या पिस्तुलाची ऊर्जा साधारण ६ जूलच्या आसपास, म्हणून ती या गटात येतात. जर्मन बाजारासाठी गेलेल्या परदेशी पिस्तुलांवरही ही खूण दिसते. ती असेल तर १९७० नंतरचं असं मानायला चांगला आधार आहे. ती नसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण निर्यातीसाठीचा नग वेगळा असू शकतो.

इथे एक आडवाट टाळा. जर्मन चाचणीगृहांच्या अक्षरी संकेतांचे तक्ते सगळीकडे फिरत असतात, ज्यात ए म्हणजे ०, बी म्हणजे १ अशी अक्षरांची जोडी वर्ष सांगते. ते बंदुकांसाठी आहेत. कमी ऊर्जेचं एअर पिस्तूल त्या चाचणीगृहात जातच नाही, त्यामुळे त्याच्यावरच्या दोन अक्षरांना तो तक्ता लावून काढलेलं साल निव्वळ योगायोग असतं.

देशाचं नाव हा साधा पण भक्कम पुरावा. "वेस्ट जर्मनी" लिहिलेलं असेल तर पिस्तूल ऑक्टोबर १९९० च्या जर्मन एकीकरणाच्या आधीचं, किंवा शिल्लक भाग वापरले असतील तर जेमतेम नंतरचं. "यूएसएसआर" असेल तर १९९१ पर्यंतचं. हॅमर्लीवर लेन्झबुर्ग हे स्विस गावाचं नाव असेल तर ते कंपनी २००६ मध्ये जर्मन मालकीत जाण्याआधीचं समजायला हरकत नाही. स्टायरच्या पिस्तुलावर "स्टायर मानलिकर" असेल तर ते नुसत्या "स्टायर स्पोर्ट" नावाच्या पिस्तुलांपेक्षा जुनं.

मूठ, नेमकाठी आणि वजनं यांवरून मात्र काहीच ठरवू नका. नेमबाज या गोष्टी कपड्यांसारख्या बदलतात.

खरा खजिना पेटीत असतो

माझ्या मते पिस्तुलापेक्षा त्याची पेटी आधी तपासावी. चांगले निर्माते प्रत्येक पिस्तुलासोबत कारखान्यात झाडलेल्या गोळ्यांचं चाचणी कार्ड देतात. त्यावर अनुक्रमांक, तपासणाऱ्याची सही आणि पुष्कळदा तारीख असते. कार्डावरचा अनुक्रमांक पिस्तुलावरच्याशी तंतोतंत जुळला तर तपास तिथेच संपला. जुळला नाही तर ते कार्ड दुसऱ्याच पिस्तुलाचं आहे.

कार्ड नसेल तर पुस्तिका उलटी करून शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. तिथे बारीक अक्षरांत छपाईचा महिना आणि वर्ष असण्याची चांगली शक्यता असते. पिस्तूल त्याच सुमाराचं किंवा थोडं नंतरचं. पुस्तिकेत आंतरराष्ट्रीय संघटनेचं नाव यूआयटी असं असेल तर ती १९९८ च्या आधीची, कारण त्या वर्षी संघटनेनं आयएसएसएफ हे नाव घेतलं.

आणि पत्ता वाचा. जर्मनीत १ जुलै १९९३ पासून पोस्टाचे क्रमांक चार आकड्यांवरून पाच आकड्यांवर गेले. फाइनवर्कबाउच्या ओबर्नडॉर्फ गावाचा ७२३८ असा पत्ता असेल तर कागद त्या तारखेच्या आधीचा, ७८७२७ असेल तर नंतरचा. वाल्थरच्या उल्म शहरासाठी जुना क्रमांक ७९०० होता. चार आकड्यांच्या आधी डब्ल्यू हे अक्षर दिसलं तर आणखी आनंद, कारण ते फक्त एकीकरण आणि नव्या क्रमांकांच्या मधल्या थोड्या काळात, साधारण १९९० ते १९९३ मध्ये, पश्चिमेकडच्या पत्त्यांना लावत. इतका अरुंद काळ दाखवणारा पुरावा पिस्तुलाच्या अंगावर क्वचितच मिळतो. संकेतस्थळाचा पत्ता छापलेला असेल तर कागद १९९० च्या दशकाच्या मध्याच्या आधीचा नसणार.

यानंतर उरतो अनुक्रमांक. त्याची रचना प्रत्येक निर्मात्याची वेगळी, आणि एकाच निर्मात्याची मॉडेलागणिक वेगळी. त्याचा अर्थ स्वतः लावत बसण्यापेक्षा निर्मात्याला मॉडेल, पूर्ण अनुक्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून विचारावं. दुसरा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या, तारीख माहीत असलेल्या पिस्तुलांचे क्रमांक जमवून आपला क्रमांक कुठे बसतो ते बघणं. त्यातून "१९९४ ते १९९७" असं उत्तर मिळालं तर समाधान माना.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उल्मचं एक सीओटू पिस्तूल आहे. अंगावर पंचकोनातला एफ आहे, देश नुसता जर्मनी, पुस्तिकेवर पत्ता डब्ल्यू-७९०० उल्म. म्हणजे पिस्तूल साधारण १९९० ते १९९३ चं. सोबतच्या दोन सिलिंडरांपैकी एकावर ०३/२००७ आणि दुसऱ्यावर तारीखच नाही. पहिला पिस्तुलासोबतचा मूळ नाही, नंतर घेतलेला आहे आणि मार्च २०१७ मध्ये संपला. दुसरा कदाचित मूळचा असेल, म्हणजे तो तर केव्हाच संपला. पिस्तूल अस्सल आणि उत्तम, पण आज त्यातून एकही गोळी झाडता येणार नाही.

म्हणून असं पिस्तूल विकत घेताना साल विचारण्याआधी एक चौकशी करा: या मॉडेलला बसणारा सिलिंडर आजही बनतो का? बनत नसेल तर पिस्तूल शोभेचं आहे आणि त्याचे पैसेही तेवढेच द्यायचे. संपलेल्या सिलिंडरची किंमत शून्य धरायची, विकणाऱ्यानं कितीही जोडून दिले तरी. या एका कारणामुळे जुन्या पिस्तुलांत फाइनवर्कबाउ १०३ किंवा इझ-४६ सारखी, स्वतःची हवा स्वतः दाबणारी पिस्तुलं मला जास्त शहाणपणाची खरेदी वाटतात. त्यांना ओ-रिंग लागतात, सिलिंडरची मुदत नाही.

हवा भरायची मोठी टाकी असेल तर तिचा हिशोब वेगळा. तिच्यावरचे ठसे चाचणीच्या तारखांचे असतात, आणि ठरावीक वर्षांनी चाचणी करून नव्या तारखेचा ठसा मारता येतो. पिस्तुलाच्या सिलिंडरची मुदत ही अशी वाढणारी गोष्ट नाही. निर्माता स्वतः तपासून देत असेल तरच ती वाढते. कार्बन फायबरच्या टाक्यांना चाचण्यांव्यतिरिक्त एकूण आयुष्याचीही मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी १५ वर्षांची.

मुदत संपलेला सिलिंडर खणात ठेवून देऊ नका, तो कधीतरी कुणाच्या तरी हातात पडतोच. निर्मात्यानं दिलेल्या हवा सोडण्याच्या साधनानं तो सावकाश पूर्ण रिकामा करा, तोंड आपल्याकडे किंवा कुणाकडे न ठेवता. साधन नसेल, किंवा आत हवा उरली आहे का याबद्दल जराही शंका असेल, तर जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. झडप निघाली आणि सिलिंडर रिकामा असल्याची खात्री झाली की त्याचे आटे कापून किंवा ठेचून निकामी करा आणि मगच भंगारात द्या.